कैद्यांच्या ग्रहावरची नाचणी

सरू,

हिर्डोशीत औंदा १९७४ चा आषाढ आसंल. सरकारी मोजणीचे खुंट उपटले म्हणून मला ह्या कैद्यांच्या ग्रहावर धाडलं, त्याला दोन वर्सं झाली. हितं काय उगवत न्हवतं. शिधा घिऊन यान यायचं, शिक्षा सरलेल्यांना परत न्यायचं.

तू मुंडाशात बांधून दिलेली नाचणी म्या शिध्याची रिकामी पोती जमिनीवर जाळून, राब भाजून पेरली. लई तरारली! हितला साहेब म्हणाला, "आता शिधा नको. यान बंद."

हे पत्र तरी कसं धाडू? समदे कैदी माझ्यावर उठलेत. आज रागानं रोपं उपटत सुटलो. भानावर आलो, तवा पलीकडच्या उतारावर माझ्याच हातानं निम्मी लावून झाली व्हती.

परत येतो म्हणालेला,
तुझा ज्ञानू