काचेआडची ताई

३ मार्च, सोमवार

आई! मला आई म्हणाला तो फोटोवाला! तरणतलावावरच्या सगळ्या कामगारांचा फोटो होता. "मुलगी पुढे, आईंनी जरा मागे व्हा." मुलगी कोण — तर माझी ताई! माझ्याहून चार वर्षांनी थोरली! वर खुदुखुदु हसते. "अगं, चेष्टा केली असेल." कसली चेष्टा! ती तिकीटखिडकीत पंख्याखाली, मी उन्हात फरशा घासते. तिचे गाल बघा नि माझं कपाळ बघा.

ती खिडकी मला हवी. बस.

४ मार्च

शिट्टीवाला — कोणी बुडायला लागलं की उडी मारतो तो — फाटकाच्या फळ्यावर रोज खडूने आकडा लिहितो. मला वाटायचं पाण्याची खोली. आज विचारलं. "मावशी, उन्हातले किरण दुपारी किती जोरात असतील ते; सकाळ-संध्याकाळ कमी असतो. तीनला पोचला की टोपी, लांब बाह्या, मलम. आठ झाला की दुपारचं बाहेर पडूच नका."

आज नऊ! मग फरशा कोण घासणार, तुझी शिट्टी?

आणि मी मावशी. ताईला मॅडम म्हणतो मेला.

५ मार्च

ओढणी गुंडाळली, वर नवऱ्याचा फुलशर्ट. ताई खिडकीतून, "कोणाकडे दरोडा गं?" हस बाई, हस. तुला बसल्या जागी तारुण्य.

७ मार्च

ढग होते. गार वारा. म्हटलं आज सुटका, ओढणी-शर्ट सगळं काढलं. संध्याकाळी मान लालभडक! उशी टेकवत नाही.

शिट्टीवाला म्हणतो, "फळा नाही पाहिलात? सात होता. ढगांतूनही भाजतं. अंगाला गरम लागण्यावर जाऊ नका. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की आत."

आज सावलीच नव्हती, शहाण्या!

ताईने पर्समधून मलम काढलं. सावलीत बसून मलम बाळगते! घेतलं नाही.

मग घेतलं.

१० मार्च

साहेबांना तोंडावर सांगितलं, खिडकी मला द्या, ताईला द्या झाडू. म्हणाले, बहिणीशी बोला आधी. काय बोलायचं? ती सोडणारे का!

१२ मार्च

ताई पडली. एवढीशी पायरी, आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले हाडं ठिसूळ झालीत. "बाई, अंगाला ऊन लागतं की नाही कधी?" काचेतून आलेलं ऊन हाडांच्या उपयोगाचं नाही म्हणे. गोळ्या दिल्या.

प्लास्टर सुकेपर्यंत बसलो होतो. ताई हळूच म्हणाली, "तुझं बरं आहे गं. दिवसभर पाणी, पोरं, माणसं. मला त्या काचेखालच्या फटीतून नुसते हातांचे पंजे दिसतात."

माझं बरं आहे! ही माझ्यावर जळते!

१३ मार्च

साहेबांना सांगून आले. सकाळी आकडा लहान असतो तोवर ताई बाहेर, एका हाताने जमेल ते करेल, मी खिडकीत. आकडा चढला की दोघी आत — दोन खुर्च्या मावतात, लावून बघितल्या. उरलेल्या फरशा ऊन उतरल्यावर. "बघू," म्हणाले.

बघू नाही. शनिवारपर्यंत हो की नाही, ते सांगा.

आणि तो फोटो परत काढायचा.