घरातला अविकारक

२ जानेवारी, सकाळी
संकल्प. या वर्षी अमूर्त गणित शिकायचं. नीट, मुळापासून. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून जाडजूड पिवळं पुस्तक आणलं. आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा पहिल्या काही पानांवरच आहेत, पुढचं सगळं कोरं करकरीत. त्याच्यात चिकाटी नसावी.
कारण: जग समजून घेणे. वर्षानुवर्षं कवळ्यांच्या लॅबमध्ये डिस्पॅच बघतोय. दुसऱ्यांचे दात डब्यात भरायचे, नावाची चिठ्ठी लावायची, त्या त्या डेंटिस्टकडे पाठवायचे. माणसाने जन्मभर एवढंच करायचं का?
लेक हॉस्टेलवर राहून हाच विषय शिकतेय, हा निव्वळ योगायोग.

४ जानेवारी, रविवार
लेकीचा फोन. तिचं-माझं बोलणं: जेवलीस का. हो. थंडी आहे का. आहे. थांब, आईला देतो. मग आईशी तासभर. मी मध्ये दोनदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. दोन्ही वेळा ही बोलता बोलता गप्प झाली. तहान नव्हती, तरी पाणी प्यावं लागलं.
मे महिन्यात येणार आहे सुट्टीला. तोवर माझं पुस्तक संपलेलं असेल. मग बघू, फोन कोण कोणाला देतं ते.

७ जानेवारी
प्रस्तावना वाचली. लेखक म्हणतो, पूर्वज्ञानाची गरज नाही, फक्त थोडी गणिती प्रौढता हवी. माझं वय त्रेपन्न. म्हणजे तो प्रश्न मिटला.

११ जानेवारी
रिक्त संच. ज्यात काहीही नाही असा संच. आणि तो प्रत्येक संचाचा उपसंच असतो. वाचून अंगावर काटा आला. फ्रीज उघडून हिला समजावलं, की बघ, यात अंडी आहेत, बटाटे आहेत, आणि शिवाय रिक्त संचही आहे. ही म्हणाली, फ्रीजचं दार लावा.

१९ जानेवारी
आठवडाभर वाचन नाही. खुर्ची बरोबर नाही. खिडकीतली हलवून दाराजवळ नेली, मग पुन्हा खिडकीत. बसलं की उठावंसं वाटतं. पेन्सिलही बदलायला हवी.

२५ जानेवारी
वेग आलाय. पान १४. ठिकठिकाणी लिहिलंय, 'सिद्धता वाचकावर सोपवली आहे.' लेखकाचा माझ्यावर एवढा विश्वास. मीही त्याच्यावर ठेवला आणि पुढे गेलो. व्यायाम सोडवत नाही. ते विद्यार्थ्यांसाठी असतात.

१ फेब्रुवारी, रविवार
आज मोठी गोष्ट कळली. संक्रमक संबंध. पहिल्याचा दुसऱ्याशी आणि दुसऱ्याचा तिसऱ्याशी संबंध असेल, तर पहिल्याचा तिसऱ्याशी असतोच. आता बघा: लेक आईशी बोलते. आई माझ्याशी बोलते. म्हणजे लेक माझ्याशी बोलतेच. दर रविवारी, तासभर. उगाच मनाला लावून घेत होतो.
फोननंतर हिला विचारलं, काय म्हणत होती? ही म्हणाली, काही नाही, असंच. डोळे लाल होते. कांदा चिरत होती का विचारलं, तर म्हणाली, हो. कांदा कुठे दिसला नाही.

८ फेब्रुवारी
पुस्तक म्हणतं, काही क्रियांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं. जगात तपासून पाहायचं ठरवलं. एरवी मी किल्ली घेतो आणि मग दार ओढतो. आज आधी दार ओढलं.
ही बहिणीकडून येईपर्यंत जिन्यात बसून होतो. प्रयोग यशस्वी. या दोन क्रियांना क्रम लागतो, हे सिद्ध झालं. हिला सिद्धतेत रस नव्हता.

२० फेब्रुवारी
समतुल्यता वर्ग! हे वाचायला एवढी वर्षं का लावली? काही बाबतींत सारख्या असलेल्या वस्तू एका वर्गात टाकायच्या. मग वर्गातली कोणतीही एक घ्या, तीच सगळ्यांची प्रतिनिधी. आमचं डिस्पॅचचं फडताळ डोळ्यांसमोर आलं. शेकडो डबे, शेकडो चिठ्ठ्या, नुसता पसारा. वास्तविक किती प्रकार आहेत? वरची, खालची, लहान, मध्यम, मोठी, रंगाच्या पाच-सहा छटा. संपलं.
मालक पुढच्या आठवड्यात प्रदर्शनाला जाताहेत. झोप लागत नाहीये, इतका उत्साह.

२६ फेब्रुवारी
केलं. सगळ्या तयार कवळ्या डब्यांतून काढून वर्गवार ट्रेमध्ये लावल्या. फडताळ असं देखणं आजवर दिसलं नव्हतं. पॉलिश करणाऱ्या बाई काम थांबवून बघत राहिल्या. म्हणाल्या, चिठ्ठ्या कुठे गेल्या? म्हटलं, चिठ्ठ्या हा तपशील आहे. म्हणाल्या, अहो, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नसतं. मी त्यांना प्रतिनिधी ही कल्पना समजावली. त्यांनी मशीन सुरू केलं, त्यामुळे पुढचं त्यांना ऐकू गेलं नसावं.
संध्याकाळपर्यंत सगळी पार्सलं रवाना. एरवी रात्र होते.

२ मार्च
फोन. सकाळपासून फोन. एका निवृत्त न्यायाधीशांचं तोंड मिटत नाहीये. एका गायिकेचं उघडत नाहीये. एका आजोबांना भलतीच कवळी छान बसली आणि ते परत द्यायला तयार नाहीत. हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे, पण मालक ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. एरवी माझ्याशी अहो-जाहो बोलणारा माणूस आज अरे-तुरेवर आला.

३ मार्च
डिस्पॅच काढून घेतलं. आजपासून मागच्या खोलीत प्लास्टर कालवायचं आणि साचे ओतायचे. एका अर्थी बरंच झालं. साचा हाच सगळ्याचा पाया. मीही पायाभूत गोष्टींकडेच वळतोय. घरी सांगितलं, खातं बदललं. हिने माझ्या बाहीवरचं प्लास्टर पाहिलं आणि शर्ट भिजत घातला.

२२ मार्च, रविवार
ग्रुप थिअरी. पान २७. ग्रुप म्हणजे काही घटक, आणि त्यातले दोन एकत्र आणायची एक रीत. आमचं घर! घटक तीन. रीत: दोघांना एका खोलीत बसवणे. आणि ऐका, प्रत्येक ग्रुपमध्ये एक खास घटक असतो, एकच, त्याला अविकारक म्हणतात, आणि तो नसेल तर ग्रुपच होत नाही. एकच! वाचताक्षणी कळलं, हा मी. तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून उठावं लागलं. पुढचं वाक्य राहिलं. गरजही नव्हती.

१२ एप्रिल, रविवार
फोनवर आज लेक स्वतःहून म्हणाली, "बाबा, तुला एक सांगायचं होतं." मला गणिताचा वास आला. म्हटलं, आत्ता नको, इथे आलीस की निवांत बसू, मीही तुझ्यासाठी एक गंमत ठेवलीय. ती म्हणाली, आईला दे.
उत्सुकता वाढवायला जमलं.

२६ एप्रिल
पान ३१. क्वोशंट ग्रुप. पुन्हा वाचलं. उभं राहून वाचलं. खुर्ची दाराजवळ नेऊन वाचलं. आख्खा ग्रुप घ्यायचा, त्याचे वर्ग करायचे आणि ते वर्ग हेच नवे घटक. ट्रेमध्ये कवळ्या ठेवायच्या आणि मग ट्रेच चावायचा? डोक्यावरून गेलं. छपाईची चूक असणार. खूण म्हणून दातांच्या छटांची जुनी पट्टी त्या पानात घातली आणि पुस्तक मिटलं. तत्त्वतः पुस्तक संपलं आहे. लॅबमध्ये तसं सांगूनही टाकलं. लेक गणितात, बाप गणितात. पॉलिशच्या बाई म्हणाल्या, छान.

८ मे, शुक्रवार
लेक आली. वाळली आहे. तिला बसायलाही न देता नवा फळा दाखवला. पुस्तक पुरं केलंय म्हटल्यावर तिने हिच्याकडे पाहिलं, हिने खिडकीकडे. मी संचापासून सुरुवात केली. मध्येच लेकीने विचारलं, तुझ्या नखांत हे पांढरं काय आहे? खडू म्हटलं. म्हणाली, खडू नाही हा. मी विषय संबंधांवर आणला. तिने पुन्हा विचारलं, लॅबमध्ये सगळं ठीक आहे ना? कमाल आहे. इतक्या उच्च विषयात लेकीला कवळ्या सुचतात.
उद्या मुख्य भाग.

९ मे, सकाळी
चहाच्या वेळी फळ्यावर आमच्या घराचा ग्रुप काढला. तीन घटक. स्वतःभोवती गोल केला आणि जाहीर केलं, की या घरातला अविकारक मी.
हिने विचारलं, म्हणजे तो करतो काय?
मला पुढचं वाक्य आठवेना. आठवेना म्हणजे, वाचलंच नव्हतं. लेक कपाकडे बघत म्हणाली, "काही नाही करत. कोणाहीबरोबर ठेवला तरी समोरचा होता तसाच राहतो."
ही म्हणाली, "मग बरोबर आहे."
आणि दोघी हसल्या. मीही हसलो. मग हसता हसता लेक रडायलाच लागली आणि उठून आत गेली.

त्याच दिवशी, दुपारी
हिने सांगितलं. लेकीने गणित सोडलं. फेब्रुवारीतच. वर्गात बसवेना, काही कळेना, परीक्षेलाही बसली नाही. हे दोघींना ठाऊक होतं. मला सांगायची तिची हिंमत होत नव्हती. एकदा फोनवर सांगायला गेली, तर बाबा म्हणाला, आत्ता नको.
हिला म्हटलं, तू तरी सांगायचंस. म्हणाली, तुम्ही गावभर सांगत सुटला होतात, लेक गणितात म्हणून. कुठल्या तोंडाने सांगू?
म्हणजे संबंध संक्रमक नव्हता. लेक आईशी बोलत होती, आई माझ्याशी बोलत होती, आणि माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं.
खुर्ची खिडकीत नेली. दाराजवळ नेली. कुठेच बसवेना. चार महिने मी लेकीशी बोलता यावं म्हणून ते पुस्तक वाचलं आणि तिला बोलायचं होतं तेव्हा तिच्यापुढे फळा धरला. हो, तिच्यासाठीच वाचलं. योगायोग वगैरे काही नव्हता.

१० मे, रविवार
आज फोन नाही, कारण लेक घरात. काय बोलावं कळेना. जेवलीस का विचारलं. माझ्या शेजारीच जेवली होती.
शेवटी न्यायाधीशांच्या कवळीची गोष्ट सांगितली. ट्रे, चिठ्ठ्या, मालकांचं अरे-तुरे, प्लास्टर, सगळं. गायिकेपर्यंत आलो तेव्हा ती पोट धरून हसत होती. म्हणाली, बाबा, हे तू कधी सांगत का नाहीस? कवळी बनवतात कशी, हेही मला माहीत नाही. म्हटलं, उद्या दाखवतो. मालकांना फोन केला. म्हणाले, आण खुशाल, पण फडताळाला हात लावायचा नाही. हे मला होतं, तिला नाही.
मग तिने पिवळं पुस्तक हातात घेतलं. मी म्हटलं, राहू दे, धूळ असेल. छटांची पट्टी बाहेर डोकावत होती. तिने तिथेच उघडलं. पान ३१. पुढची पानं कोरी करकरीत. पुस्तक पुरं केल्याचं परवाच सांगून बसलो होतो, त्यामुळे कान तापले.
तिने त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मीही इथेच अडकले, बाबा."
मी चष्मा लावून तिच्याजवळ सरकलो. दोघांनी ते पान पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. कोणालाच काही कळलं नाही.