पडद्यामागे बसलेली बाई

४ नोव्हेंबर, मंगळवार
पुतण्या मंगेश मेडशीहून येऊन यांना मोबाइल शिकवून गेला, तेव्हापासून दुपारी खोलीचं दार लोटलेलं. आतून बाईचा आवाज. मराठी नाही, हिंदी नाही. विचारलं तर म्हणे, "भजन." एवढं लाडात येऊन कोण भजन म्हणतं?

६ नोव्हें.
मंगेशला फोनवर धरलं. "काकू, थो फ्रेंच पिक्चर हाय, भुताचा. बंद टाकीजमधी मेलेले लोक पिक्चर पाहाले येतात. जुन्या सिनेमावाल्यायले सलाम केला हाय त्याच्यात. काकायची टुरिंग टाकीज व्हती ना, म्हून देल्ला."
बरं. मग भजन कशाला सांगितलं?

८ नोव्हें.
आज सरळ शेजारी जाऊन बसले. भुतं आली की हे हसतात. मग नायिका पडद्याच्या मागे जाते. तिथे एक मेलेली बाई एकटीच पिक्चर बघत बसलेली. मी पदर तोंडावर ओढला, यांचे डोळे भरले. मागे सरकवून पुन्हा तेच पाहिलं.
यांच्या तंबूतही पडद्यामागचं तिकीट स्वस्त असायचं. उलटा पिक्चर, नट सगळे डावखुरे. तिथे कोण बसायची? पाणी मुरतंय कुठेतरी.

९ नोव्हें.
भाकरी वाढता वाढता विचारलंच. "कोन बसे पडद्यामांगं?"
"तू."
"मी?"
"शिरपूरच्या जत्रेत. हिरवा परकर. रोज येत व्हती. म्हून तर तुले मागनी घातली."
मी किन्हीराजाची. आमच्या बाबांनी तंबूच्या वाटेलासुद्धा जाऊ दिलं नाही. यांना पाहिलं ते थेट बोहल्यावर. तसं म्हटलं, तर हसले. "इसरली तू."
कुणाचा तरी परकर माझ्या अंगावर घालतात! 

१२ नोव्हें.
मंगेश आला. हे त्याला म्हणाले, "रफीक, मशीन गरम झाली का रे?" रफीकभाई यांच्या टाकीजचे ऑपरेटर. त्यांच्या मयतीला हे स्वतः गेले होते.
मंगेशने माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला उठले.

१३ नोव्हें.
पिक्चरमध्ये पुन्हा ती बाई आली. "पाह्य, तू," म्हणाले. इतक्या मायेने माझ्याशी कधी बोलले नव्हते.
तोंडाकडे निरखून पाहिलं, लबाडी दिसते का म्हणून. दिसली नाही. मंगेश म्हणतो, वाशिमला डॉक्टरला दाखवू. मी अजून हो म्हटलेलं नाही.
असेल कुणी हिरव्या परकरवाली. असू दे. देवा, हे खोटंच बोलत असू देत.