चांगल्या खोलीची वाटणी

मी, साव्हेता बोर्का, कै. ग्रिगोरे बोर्का यांची पत्नी, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार वाल्या मेरिलोर, जिल्हा मारामुरेश, असे लिहून ठेवते की कंबर सोडली तर माझे सर्व काही ठिकाणावर आहे, आणि डोके तर या वसंतात कधी नव्हे इतके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट दोघांनी लिहू नकोस म्हणून सांगितले आहे. सगळा मजकूर माझ्या हातचा आहे. असा हाताने लिहिलेला कागद असला की कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्या नणंदेला मात्र लागतात, म्हणून शेवटी साक्षीदार घेतले आहेत.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात गालिचे, उशा आणि कपबश्या यांचीच चार पाने भरली होती. त्यातले आता घरात काही उरलेले नाही, त्यामुळे हे आटोपशीर झाले आहे.

१. टेकडीवरची आलुबुखाराची बाग आणि तिच्यालगतचे गवताचे रान माझा मुलगा तोआदेर, हल्ली मुक्काम स्पेन, याला द्यावे. कायद्याने त्याचा जो हिस्सा होतो तो यात भागतो. बाग विकायची असली तर खुशाल विकावी, मी बघायला येणार नाही.

२. दारू गाळायची तांब्याची भट्टी आणि ग्रिगोरेचे गवत कापायचे लांब विळे शेजारचा गाव्रील याला द्यावेत. आमची शिडी कित्येक वर्षे त्याच्याकडेच आहे. तीही त्याला दिली असे समजावे, म्हणजे मी मागायचे आणि त्याने "उद्या आणतो" म्हणायचे, या कामातून आम्ही दोघेही सुटलो.

३. बँकेत आहेत ते पैसे माझे दफन, पाद्री आणि गावजेवण यांसाठी वापरावेत. जेवणात हात आखडता घेऊ नये. नणंद नास्तासिया येणार आहे, आणि ती घरी जाऊन सगळ्यांना सांगणार आहे.

४. राहते घर माझी मुलगी अनुका हिला द्यावे. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर गाव आपापली कारणे लिहील.

घर दोन खोल्यांचे आहे. एका खोलीत चूल, टेबल, बाक आणि माझी खाट. दुसरी चांगली खोली. ती आमच्याकडे प्रत्येकाच्या घरी असते आणि तिच्यात कोणी राहत नाही. माझ्या आईने विणलेले, सासूने विणलेले आणि अनुकासाठी मी स्वतः विणलेले असे तीन बायकांचे आयुष्य तिथे रचून ठेवले होते. पलंगावर उशा आढ्याला लागल्या होत्या. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ते सगळे अंगणात काढायचे, झोडपायचे, नदीवर धुवायचे, वाळवायचे आणि पुन्हा होते तिथे ठेवायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे केले आणि याला साफसफाई म्हटले.

यंदा फेब्रुवारीत अनुका दोन पिशव्या घेऊन घरी आली. तिचा शिवणकामाचा कारखाना बंद पडला होता आणि नवरा त्याआधीच बंद पडला होता. मी तिला चुलीजवळच्या बाकावर अंथरूण घालून दिले. सेहेचाळीस वर्षांची बाई, पाय दुमडून झोपायची. एकदा सकाळी मान चोळत म्हणाली, "आई, मला पाहुणी म्हण ना. म्हणजे तरी त्या खोलीत झोपता येईल."

"पाहुण्यांना तिथं झोपवत नाहीत," मी म्हटले. "नुसतं बसवतात."

"मग ती खोली आहे तरी कुणाची?"

मी म्हटले, बाई, मक्याची पेज उतू जातेय तिकडं बघ.

पुढच्या आठवड्यात तिने सांगितले की इटलीत एका म्हातारीला सांभाळायचे काम मिळाले आहे. ईस्टर झाला की मिनीबस न्यायला येईल. "पगार बरा आहे," ती म्हणाली, "आणि राहायला वेगळी खोली देतात. खिडकीची." खिडकीचे तिने दोनदा सांगितले. म्हणजे माझी मुलगी दुसऱ्याच्या आईजवळ निजायला परदेशी निघाली होती, कारण तिच्या आईच्या घरात उशांना जागा होती आणि तिला नव्हती. राहा म्हणून विनवायचा माझा स्वभाव नाही. मी नुसती आतल्या आत झुरत होते.

ईस्टरच्या आधी आम्ही दोघींनी खोली रिकामी केली. गालिचे कुंपणावर, उशा गवतावर, पेटी पायरीवर. पेटीच्या तळाशी उंदरांनी अनुकाच्या रुखवताच्या टॉवेलांवर घर केले होते आणि त्यांची तिसरी पिढी सुखाने नांदत होती. दुपारी मी जमीन पुसायला आत गेले तर फळ्यांवर ऊन पडले होते. त्या घरात माझे सगळे आयुष्य गेले, पण तिथे ऊन येते हे मला माहीत नव्हते. अनुका माझ्या मागून आली आणि त्या उन्हात सरळ पाय पसरून आडवी झाली. डोळे मिटून म्हणाली, "पाच मिनिटं. मग आत आणू सगळं."

मी म्हटले, "नाही आणायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. मिनीबसवाल्याला कळव. खिडकी इथंही आहे."

ती नुसती कूस बदलून पाठमोरी झाली आणि खांदे हलायला लागले. मी बादली घेऊन बाहेर आले, कारण तिथे थांबले असते तर माझेही तेच झाले असते.

फाटकाशी माझी नणंद नास्तासिया उभी होती. "वहिनी, आभाळ भरलंय. आईच्या हातचा लाल गालिचा तरी आत घे."

या गालिच्यावरून तिने मला चाळीस वर्षे टोमणे मारले होते. मी म्हटले, "वन्सं, तुमच्या आईच्या हातचा आहे ना, मग तुम्हीच न्या."

"आत्ता?"

"आत्ता. दरवर्षी धुवायचा तेवढा."

"अगं, पण माझ्याकडं जागा कुठाय?"

"मागताना होती वाटतं."

शेवटी गाव्रीलच्या गाडीवर टाकून नेला. जाताना तोंड असे होते की जणू मीच तिच्यावर कर्ज चढवले. संध्याकाळी तोआदेरचा फोन आला, बातमी स्पेनला गालिचा नदीपार जायच्या आत पोहोचली होती.

"आई, काही टाकू नकोस हं. आमच्या लग्नातल्या उशा आहेत त्यात."

"पाठवू का?"

"इथं कुठं ठेवू? फ्लॅट आहे."

"मग?"

"राहू दे ना तिथंच."

सगळ्यांना सगळे हवे होते, फक्त माझ्या घरात. मी फाटक उघडे ठेवले. ज्याला जे हवे त्याने ते नेले. मेंढपाळ उशा घेऊन गेला, चर्चने धड राहिलेले टॉवेल तसबिरींवर घालायला नेले, नवी लग्न झालेली एक पोर कपबश्या घेऊन गेली आणि त्यात चहा पिते असे ऐकते. पिणारी निघाली हे बरे झाले. मला वाटले होते, काळजाचा तुकडा जाईल. प्रत्यक्षात बोचकी गेली, तसतशी माझी पाठ सरळ झाली. तीन बायकांचे ओझे उतरले. मी त्या रात्री इतकी गाढ झोपले की सकाळी कोंबड्यांना अनुकाने सोडले.

ईस्टरनंतर मिनीबस आलीच. कळवले होते, तरी ड्रायव्हर म्हणाला, बाईंचा विचार फिरला असेल तर बघावे. अनुका हात पुसत बाहेर गेली आणि म्हणाली, "नाही फिरला." एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हाती कसे पाठवायचे, म्हणून उरलेल्या दोन उशा त्याला दिल्या.

५. चांगली खोली आजपासून, माझ्या हयातीतच, अनुकाची आहे. तिथे तिची खाट, शिवणयंत्र आणि चपला असतील. तिच्यात शिरताना दार वाजवावे. मीही वाजवते.

६. आमच्याकडे माणूस गेला की तीन दिवस त्याला चांगल्या खोलीत ठेवतात आणि गाव जागायला येते. ग्रिगोरेला तिथेच ठेवले होते. मला ठेवू नये. मला चुलीजवळ बाकावर ठेवावे, तो माझ्या मापाचा आहे. पाद्री कुरकुरेल, नास्तासिया रडून गोंधळ घालेल, कोणाचे ऐकू नये. अनुकाची खाट जागची हलवायची नाही. तिला पुन्हा एका रात्रीसाठीही बाकावर झोपवायचे नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही.

वर लिहिले ते मी स्वतः वाचून पाहिले. अनुका आत मशीन चालवते आहे, तिला यातले काही माहीत नाही.

सही : साव्हेता बोर्का

साक्षीदार :
१. गाव्रील मोईश, शेजारी. (कलम दोन वाचून म्हणाला, शिडी उद्या आणणारच होतो.)
२. नास्तासिया पोप, नणंद. (दोनदा वाचले. कलम सहा तिला मान्य नाही, तरी सही केली आणि डोळे पुसले.)

स्थळ : वाल्या मेरिलोर
तारीख : २ मे २०२३