रूथच्या वतीने

गुलटेकडी, पुणे
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. सलील यास,

प्रभू येशूच्या नावाने सलाम आणि आशीर्वाद.

तू फोन करतोस, मी उचलते आणि काही न बोलता ठेवून देते. तुला वाटत असेल, नेटवर्क जातं. नेटवर्क जात नाही. पत्रात निदान सुरू केलेलं वाक्य पुरं करता येतं, म्हणून लिहायला बसले. जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना पत्रलेखन शिकवलं. स्वतःच्या मुलाला मायना काय लिहायचा याचा आज किती तरी वेळ विचार करत होते.

इकडे सर्व ठीक. रूथ आता भिंतीचा आधार घेऊन उभी राहते. उजवा हात अजून साथ देत नाही. व्यायाम करून घ्यायला उत्कर्षा नावाची मुलगी येते, अकोल्याकडची आहे. ती रूथचे लाड करत नाही, सरळ दटावते, म्हणून रूथ तिचं ऐकते. माझं ऐकत नाही. मी जवळ गेले की माझ्या तोंडाकडे बघत राहते आणि मग तीही रडायला लागते. त्यामुळे वेणीसुद्धा पप्पा घालतात. सुरुवातीला भांग वाकडा यायचा. मी एकदा सांगितलं तर म्हणाले, "स्वारगेटला एवढी वर्षं गाड्या सरळ लावल्या, हेही जमेल." आता जमतं.

चर्चमध्ये नाताळात कीबोर्ड वाजवायला कोणी नव्हतं. रूथच्या जागी भालेरावांची सलोनी शिकते आहे. तिला मोजकीच गीतं येतात, त्यामुळे आम्ही सगळी मंडळी दर रविवारी तीच ती गातो. 

कोर्टाच्या तारखेला पुण्याला येशील तेव्हा घरी उतरू का, असं तू हेमाआत्यांमार्फत विचारलंस. पप्पांना ते चालणार नाही. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. शिवाय रूथला धक्का बसेल असं काही करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तू धायरीला तुझ्या मित्राकडे, योगेशकडे उतर.

मिरजेत आत्यांना त्रास देऊ नकोस. त्यांनी तुला ठेवून घेतलं हे उपकार आहेत. दारू पूर्ण सुटली असं त्या सांगतात. चांगलं आहे.

जेवत जा वेळेवर.

मम्मी


बुधवार, १२ मार्च २०२५

चि. सलील,

आशीर्वाद.

तारखेला तुला लांबून बघून आलो, एवढंच पप्पांनी त्या दिवशी घरी येऊन सांगितलं. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "पुढची तारीख. आमच्या डेपोत एवढ्या गाड्या रद्द झाल्या असत्या तर लोकांनी दगड मारले असते." मग हातपाय धुऊन रूथला वरण-भात भरवायला बसले. तिला भरवता भरवता माझ्याकडे न बघता म्हणाले, "बारीक झालाय. शर्ट अंगावर लोंबत होता."

 मग त्यांनी चमचा खाली ठेवला.

"सुहासिनी, त्याला घरी येऊ दे."

सलील, मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. पप्पा कधीच नको म्हणाले नव्हते. पहिल्या महिन्यात म्हणाले असतील, तेव्हा ते भिंतीशीही भांडत होते. पण दिवाळीच्या आसपास एका रविवारी ते उपासनेनंतर मागे थांबले. पाळकसाहेबांबरोबर प्रार्थना करून घरी आले आणि मला म्हणाले, "माझ्याकडून झालं. मी त्याला सोडलं." जणू काही जड पोतं खांद्यावरून उतरवून ठेवलं. मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तुला येऊ देत नाही ती मी.

पाळकसाहेब घरी आले होते. चांगले आहेत, वयाने तुझ्याहून थोडेच मोठे. त्यांनी शास्त्रातले दाखले दिले. मी म्हटलं, पाळकसाहेब, हे सगळे दाखले मी रविवारच्या शाळेत मुलांना चित्रं दाखवून शिकवले आहेत. मला ते पाठ आहेत. मला एवढंच सांगा, माझं कोणी नुकसान केलं तर मी क्षमा करीन. पण नुकसान रूथचं झालंय. तिच्या वतीने मी कशी क्षमा करू? तिला विचारता येत नाही. तिला सांगता येत नाही. मी परस्पर सही करून टाकायची का तिच्या नावावर?

त्यांनी शास्त्र मिटून ठेवलं. मग म्हणाले, "बाई, मला उत्तर येत नाही." मला त्यांचं तेवढंच आवडलं.

आता जे लिहायचं ते लिहिते.

तू दारू प्यायलास, हे मला कळू शकतं. माझ्या सख्ख्या भावाला दारूनेच नेलं, आमच्या घराला ती नवी नाही. मित्राच्या लग्नात हॉलच्या मागे चार पोरं पितात आणि मग सासवडहून गाडी चालवत निघतात, हेही रोज पेपरात येतं. अपघात कोणाच्याही हातून होतो, असं म्हणून मी तेही गिळलं असतं.

पण तू पळालास.

भर दुपारी तुझ्यासोबत निघालेली तुझी बहीण रस्त्याच्या कडेला पडली होती आणि तू तिला टाकून शेतातून पळालास. दुसऱ्या दिवशी स्वतःहून चौकीत हजर झालास, हे सगळे मला सारखं सांगतात. पप्पा सांगतात, हेमाआत्या सांगतात, वकील तर ते फार महत्त्वाचं आहे म्हणतो. मला तो दुसरा दिवस दिसतच नाही. मी त्या पहिल्या दुपारीच अडकले आहे. तू लहानपणी कुत्र्याला घाबरायचास तेव्हा ती तुझ्याहून एवढीशी असून पुढे उभी राहायची.

आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो तेव्हा क्षमेच्या ओळीला माझा आवाज बंद होतो. आधी वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नसेल. आता शेजारच्या बायका त्या ओळीला मुद्दाम मोठ्याने म्हणतात, माझी जागा भरून काढायला. प्रभुभोजनालाही मी पुढे जात नाही, बाकावर बसून राहते. काय करू? खोटं बोलून भाकर घेऊ?

तू मला क्षमा माग म्हणून हे लिहिलेलं नाही. तू मागितली आहेस. आत्यांच्या फोनवरून तुझं रडणं मी ऐकलं आहे. माझ्यातच काही हलत नाही. चावी फिरते आणि गाडी सुरू होत नाही, तसं.

पप्पांवर मात्र राग धरू नकोस. त्यांचा काही दोष नाही.

मम्मी


सोमवार, २८ एप्रिल २०२५

प्रिय सलील,

तू मिरजेला पोचल्याचं आत्यांनी कळवलं. पण त्या रविवारी काय झालं ते तुला नीट समजलं नसेल, कारण तू बाहेर होतास आणि मी आत. म्हणून लिहिते.

पुनरुत्थानाच्या रविवारी उपासनेहून आल्यावर पप्पा म्हणाले, "स्वारगेटला जाऊन येतो." मला वाटलं, जुन्या लोकांना भेटायला चालले. ते तुला घेऊन आले. मला आधी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. दारात तू दिसलास आणि मी स्वयंपाकघरात गेले. मटणाचा रस्सा शिजला होता, पुन्हा शिजवायचं काहीच नव्हतं. तरी मी गॅस लावला आणि उभी राहिले.

मला सगळं ऐकू येत होतं. तुझ्या चपलांचा आवाज, मग काहीच नाही, मग पप्पा म्हणाले, "रूथ, बघ कोण आलंय."

रूथला आता दोनतीनच शब्द येतात हे तुला माहीत नव्हतं. त्यातला एक म्हणजे "बस". पप्पांच्या डेपोमुळे तोच तोंडात बसला असणार. पाणी हवं असलं तरी बस, पंखा लाव तरी बस, दुखतंय तरी बस. तू तिच्यासमोर उभा होतास आणि ती म्हणाली, "बस." पुन्हा म्हणाली, "बस. बस." आणि तू खाली फरशीवर बसलास आणि तिच्या पायांवर डोकं टेकलंस. हे मी दाराच्या फटीतून पाहिलं. तिने डावा हात तुझ्या केसांवर ठेवला, की तो नुसता घसरून तिथे पडला, मला सांगता येणार नाही.

त्यावरून त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. पप्पा म्हणाले, "तिनं त्याला बसायला सांगितलं. तू ऐकलंस." मी म्हटलं, "अहो, ती भाताच्या पातेल्यालासुद्धा बस म्हणते." ते म्हणाले, "आज तसं नव्हतं." मी म्हटलं, "तुम्हाला जे हवंय ते तुम्ही ऐकता." तर म्हणाले, "आणि तुला जे नकोय ते तू ऐकत नाहीस." एवढं बोलून ते गच्चीवर निघून गेले. इतक्या वर्षांच्या संसारात ते मला कधी असं बोलले नव्हते.

तुझं ताट मी वाढलं, पण पप्पांच्या हाती बाहेर पाठवलं. तू जेवलास, ताट स्वतः घासून ठेवलंस, दाराशी येऊन "मम्मी, निघतो" म्हणालास. मी गॅसकडे तोंड करून "हं" म्हटलं. आईने मुलाला इतक्या महिन्यांनी दिलेला शब्द तो. तोही धड शब्द नाही.

ते दोन शब्द तुझे कानातून जाईनात. आठवडाभर मी भांडी घासताना, रूथला पुसताना ते ऐकत होते. म्हणून आता एक गोष्ट सांगते. ही मी पप्पांनाही सांगितलेली नव्हती, काल सांगितली.

रूथला हॉस्पिटलमध्ये आणणारा टेम्पोवाला गेनबा तुला माहीत आहे. मार्केट यार्डात फुलं उतरवून रिकामा टेम्पो घेऊन गावाकडे परत चालला होता. ती अतिदक्षता विभागात असताना तो एकदा चौकशीला आला. पप्पा औषधं आणायला गेले होते. बाहेरच्या बाकावर मी एकटीच होते. मी विचारलं, रूथ काही बोलली होती का? तो सांगायला तयार नव्हता. मी हात जोडले तेव्हा बोलला.

"बाई, पोरगी शुदीत व्हती. टेम्पोत घ्यायला लागलो तर येईचना. म्हनली, आधी माझ्या दादाला बघा, तो कुठंतरी पडलाय, त्याला जास्त लागलं आसंल. म्या खाली उतरून चारीत बघितलं, बाभळीत बघितलं. कुनीच नव्हतं. तिला म्हनलं, ताई, न्हाई हाय कुनी. तर म्हनली, नीट बघा, तो घाबरट हाय, हाक मारली तर ओ देनार न्हाई. मंग म्या तिला खोटंच सांगितलं, दुसऱ्या गाडीनं नेलाय त्याला. तवा कुठं टेम्पोत आली. थोड्या अंतरावर बेशुद्ध पडली."

सलील, हे तिचे शेवटचे धड शब्द.

हे मी तुला का सांगितलं नाही? ऐकलंस तर मोडून जाशील, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. ते खरं नव्हतं. तू पळाला असशील, हे तिला कळलं होतं की नव्हतं, कोण जाणे. पण तू घाबरट आहेस हे तिला माहीत होतं आणि तरी ती तुलाच शोधत होती. जे मी पाळकसाहेबांना विचारत होते, त्याचं उत्तर माझ्याकडे पहिल्यापासून होतं. तिच्या वतीने सही करायची गरजच नव्हती. तिने स्वतःच केली होती. मला ती मान्य नव्हती, एवढंच. तिने तुला इतक्या सहज सोडावं, हे मला सोसवत नव्हतं. अजूनही नीट सोसवत नाही.

काल मी पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते उठले. रूथच्या पलंगाजवळ गेले, तिचा उजवा हात हातात घेऊन बोटं चोळत बसले. उत्कर्षाने शिकवलंय तसं, एकेक बोट. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. रूथने माझ्याकडे पाहिलं. मी रडले नाही, म्हणून तीही रडली नाही. मग आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.

हे वाचून तू काय करशील याची मला धास्ती वाटते. मी आत्यांना फोन करून सांगितलंय की हे पत्र येईल तेव्हा तुझ्या जवळ राहा. तू पुन्हा कुठे पळून जाऊ नकोस. दारूकडेही नको. राग आला तर माझ्यावर काढ, मी फोन ठेवणार नाही.

मी तुला क्षमा केली, असं लिहायला बसले होते. ते वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तुला खोटं वाक्य पाठवायचं नाही. हवं तर असं समज की मी अजून खालच्या इयत्तेत आहे. तुझे पप्पा पुढे गेले, रूथ तर कधीच पास होऊन गेली, मी एकटी मागे राहिले आहे. मला दटावणारं कोणी हवं, लाड करणारं नको.

मे महिन्यातल्या कुठल्याही रविवारी ये. आधी कळव, म्हणजे पप्पांना चोरून स्वारगेटला जावं लागणार नाही. मी तुझ्याशी बोलेन, असं वचन देत नाही. तुझ्याकडे बघेन, असंही नाही. पण ताट मी स्वतः वाढीन, आणि तुझं जेवण होईपर्यंत तिथून उठणार नाही.

प्रभू तुला सांभाळो. हे मी मनापासून लिहिलं आहे, ही ओळ खोडलेली नाही.

अजून जमत नसलेली,
पण तुझीच,
मम्मी