भुलीत दिलेला होकार

आये, तू गेलीस त्यानंतर दोनेक वर्षांनी मुंबईला नेऊन माझी अंडी काढली. ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "कोंबडी काय गो तू?" हस खुशाल. सत्त्याऐंशी साल होतं, मूल होत नव्हतं आणि गावातल्या बायका मला ओटी भरायला बोलवेनाशा झाल्या होत्या. तूसुद्धा शेवटच्या आजारात एकच धोशा लावला होतास, "माका एक नातवंड दी गो."

आधी रोज इंजेक्शनं. पोट फुगून तट्ट. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळे फुगे दाखवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रत्येकात अंडं असेलच असं नाही हं, एखादा रिकामाही निघतो." मला आपली पडवी दिसली. बाजारात पाटी रिकामी करून येतेस, घरचे बांगडे आडाळ्याच्या पात्यावर चिरतेस, आणि एखाद्यातून अंड्यांनी भरलेली गाबोळी निघाली की हात थांबतो. "गे माझे बाय," म्हणतेस आणि पुन्हा चिरायला लागतेस.

त्या सकाळी उपाशीपोटी मला टेबलावर घेतलं. "खालून बारीक सुई जाईल, तुम्हाला काही कळणार नाही," म्हणाल्या. सुईचं नाहीच कळलं. भूल चढली तशी तू उशाशी उभी, लुगडं ओलंचिंब, आणि देवळात पुरुष घालतात तसं गाऱ्हाणं घालतेयस. शब्द लागत नव्हते. शेवटचं तेवढं ऐकू आलं, "...तर त्यातला एक माका." आणि मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आपल्याकडे गाऱ्हाण्यात काय मागितलं ते ऐकतो कोण? सगळे म्हणतात, आपणही म्हणायचं. मेली सवय!

शुद्धीवर आले तेव्हा घशाला कोरड होती, ओटीपोटात पाळीसारखी कळ होती, कपड्याला थोडा डाग होता. हे सगळं होणार म्हणून आधीच सांगितलं होतं. नर्स खिडकी उघडत म्हणाली, "कोणाला हो म्हणत होतात हो एवढं? आणि इथे मासळीचा वास कुठून येतोय?" मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पाच अंडी मिळाली. त्यातून तीन गर्भ झाले, तिन्ही पोटात ठेवले, एकच टिकला. तीच माझी लेक. तिला साधा ताप आला तरी मी रात्रभर तिचा हात धरून बसायचे, समुद्रात घोट्याच्या वर जाऊ द्यायचे नाही. नवरा वैतागायचा. त्याला काय सांगू, की हिच्यावर कुणाचा तरी शब्द आहे?

आता ती बाळंतपणाला आली आहे. श्रावण आहे, घरात मासळीचा खवलासुद्धा नाही. काल सकाळी उठून म्हणते, "आई, माझ्या उशाशी मासळी कुणी ठेवली होती?"

आये, पाया पडते तुझ्या. तुझं तुला मिळालंय. मागितलास एक, गेले दोन. आता हिच्या उशाशी येऊ नको गो, बाळाकडे तर बघूसुद्धा नको.

हे तुला पाठवणार कुठे आणि कसं? राहू दे इथेच. एकच सांगते. त्या दोघांसाठी मी कधी रडले नाही. तुझ्यापाशी आहेत, तू त्यांना न्हाऊ-माखू घालत असशील, असंच धरून चालले. नसतील, तर मला सांगू नको.