मागून हाक

बाई,

नातीच्या शाळेतून जूनमध्ये सामान आलं ते असं: गणवेशाचे दोन जोड अठराशे, बूट सहाशे, दप्तर सातशे, रंगवायची चार पुस्तकं आठशे, गळ्यात घालायचं ओळखपत्र दीडशे. फी वेगळी, ती मुलगा मोबाईलवरून भरतो आणि आकडा मला सांगत नाही. नात सव्वातीन वर्षांची आहे. तुमच्या बालवाडीत महिन्याला पंधरा रुपये होते, आणि घरून एक रिकामा डबा मागवलेला. तेवढ्यावर तुम्ही मुलांना पाणी न सांडता ओतायला, वाल आणि वाटाणे वेगळे करायला, झाकण फिरवून लावायला शिकवत होतात. मला वाटायचं, हे तर घरीही होतं, यासाठी पैसे कशाला मोजायचे? माझा मुलगा पाटी कधी धरणार, असं मी विचारलेलंही. तुम्ही म्हणालात, आधी त्याला इथे निर्धास्त बसू दे, मग सगळं धरेल.

कोपर गावात तेव्हा आपल्या चाळीमागे भातखाचरं होती आणि त्यापलीकडे खाडी. तुमची पुढची खोली म्हणजे बालवाडी. तिथे मुलाला सोडून जायची तुमची एक रीत होती. आईनं खिडकीच्या गजातून हात आत घालायचा, पोरानं तो धरायचा आणि आईनं खरं काय ते सांगायचं: मी निघते आहे, गाणी झाली, डबा खाऊन झाला, की आलेच. मग वळायचं, रडलं तरी वळायचं. एवढ्याशा पोराला घड्याळ कळत नाही, पण गाणी आणि डबा कळतो, असं तुम्ही म्हणायचात. बाकीच्या बायका तसं करायच्या. माझ्याच्यानं ते झालं नाही. सासूबाईंनी मला लग्न झाल्या झाल्या बजावलेलं, की निघालेल्याला मागून हाक लागता कामा नये, काम फिसकटतं, कधी माणूसच परत येत नाही. आणि माझा मुलगा तर मी वळले की 'आई' म्हणून हाक मारणारच. म्हणून मी त्याला वाटाण्यांच्या डब्यापाशी बसवायचे, तुमची पाठ वळली की मोरीकडच्या दारानं बाहेर. हाक नाही, अपशकुन नाही. तुम्ही मला दोनदा पकडलंत. दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर बोललात.

"त्याला फसवून जाऊ नका. एकदा मान वर करील आणि तुम्ही नसाल. मग तो दिवसभर खेळणार नाही, नुसता दाराकडे बघत बसेल."

मला राग आला. दहावी पास झालेली मी, माझ्या मुलाचं मला कोणी शिकवायचं? पण चार-सहा दिवस खिडकीशी उभी राहिले. मग एका शुक्रवारी रेशनवर साखर आल्याचं कळलं, उशीर झाला तर संपेल. म्हटलं, आजच्या दिवस. मोरीचं दार बाहेरून लागत नव्हतं, नुसतं ओढून घेतलं.

साखर घेऊन परत येते तर चाळीत आरडाओरडा चाललाय. माझाच मुलगा सापडत नाहीये. दोन-अडीच तास गेले. शेवटी गावातले एक आजोबा त्याला कडेवर घेऊन आले. खाडीच्या बांधावर बसलेला म्हणे, गुडघ्यापर्यंत चिखल, भरतीचं पाणी चढत होतं. रडत नव्हता. माझ्याकडे यायला हातही पुढे केला नाही. तोवर बायका तुमच्या दारात जमलेल्या. नुसता खेळ मांडून बसता, लक्ष कुठे असतं, पोर गेलं असतं तर भरून देणार होतात का, असं काय काय. तुम्ही त्या मोरीच्या दाराकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. माझ्या हातात साखरेची पिशवी होती.

"दार माझ्या घरचं आहे," तुम्ही म्हणालात. "चूक माझी."

मी तोंड उघडलं नाही. महिन्याभरात एकेक करून सगळी मुलं काढली, सर्वांत आधी मी. तुम्ही कल्याणला भावाकडे गेलात, आणि काही वर्षांनी तिथेच वारलात ते मला भाजीवालीकडून कळलं. मी भेटायला गेले नव्हते. रोज देवापुढे दिवा लावते, चतुर्थी सोडत नाही, पण हे देवालाही कधी शब्दांत सांगितलं नाही. मुलगा त्यानंतर मी कुठे निघाले हे विचारेनासा झाला. आता चाळिशीला आलाय. अजूनही घरातून जाताना सांगून जात नाही. दार लागल्याचा आवाज येतो, मग कळतं.

आता कोलशेतला मुलाच्या घरी असते. सून-मुलगा दोघं कामाला, नातीला शाळेत मी पोचवते. शाळेत एक ताई आहे, होती म्हणते आता, कळव्याहून यायची, विशीतली पोर. ती मला म्हणायची, आजी, बाय करून जा ना, रडली तर मी घेते. मी हसायचे आणि ताई दुसऱ्या मुलाचे बूट काढायला वाकली की सटकायचे. बाई, वय झालं, पण ती हाकेची भीती गेली नाही. परवाच्या सोमवारी नातीनं पाहिलं. धावत मागे आली आणि काचेचं दार तिच्या बोटांवर बंद झालं. मधल्या बोटाचं टोक टाके घालून बसवलंय, नख येईल की नाही सांगता येत नाही म्हणतात. मुलानं पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, तक्रार दिली, आणि बुधवारी ताईला काढलं.

गुरुवारी मी शाळेच्या मॅडमकडे गेले. सांगितलं, मी न सांगता निघाले होते, त्या मुलीचा दोष नाही, तिला परत घ्या. मॅडमनी पाणी दिलं.

"आजी, आम्ही कॅमेऱ्यात सोमवारीच बघितलं," त्या म्हणाल्या. "पण त्यात दाराला बोटं चेंगरू नयेत म्हणून लावायचं रबर नव्हतं तेही दिसतं. तुम्ही घरी काही बोलू नका, सगळ्यांचंच बरं होईल."

मी बरं म्हणून उठले. घरी बोलले नाही. नात आता हॉलमध्ये बसलेली असते, पट्टी बांधलेला हात मांडीवर, मी नुसती स्वयंपाकघरात उठून गेले तरी मान वळवून बघते. खेळ समोर पडलेला असतो. ताईचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि असता तरी मी गेले असते असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मॅडमकडे मी आपणहून गेले, असं तुम्हाला वाटू नये. दाराच्या वर कॅमेरा आहे हे मला माहीत होतं, कधी ना कधी दिसणारच, म्हणून गेले. तुमच्या खोलीत कॅमेरा नव्हता.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही, तरी विचारते. त्या शुक्रवारी माझ्याकडे पाहिलंत तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना? कळलं होतं तर बोलला का नाहीत, तेवढं उलट टपाली कळवा.